केसजंताची साक्ष

मूळवास कार्यालयाच्या खिडकीशी सकाळी नऊपासून रांग लागायची आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात एक डबी असायची. डबीत लेंड्या. कुणाच्या मेंढीच्या, कुणाच्या शेळीच्या. कागदपत्रांची पिशवी घेऊन येणारा माणूस आता वेड्यात निघायचा. साल होतं २०८१. सातबारा, शिधापत्रिका, जुने फोटो, मेलेल्या आजोबांचा आवाज, काहीही यंत्राकडून घरबसल्या बनवून घेता येत होतं, आणि तेही इतकं बेमालूम की खरं-खोटं करणारी यंत्रंसुद्धा हात टेकत. बनावट जंत मात्र अजून कुणाला बनवता आला नव्हता. म्हणून सरकारने कागदावरचा विश्वास काढून घेतला आणि तो जंतावर टाकला.

हसू आलं असेल तर हसून घ्या. डॉ. मृण्मयी पानवलकरांना मात्र हसू येत नव्हतं, कारण ही अक्कल मुळात त्यांची होती.

पंधरा वर्षांपूर्वी त्या बोरमाळावर आल्या होत्या त्या चिंकारा हरणांसाठी. माणदेशातला हा उघडाबोडका गवताळ माळ. त्याच्या मधोमध महामार्ग झाला आणि चिंकाऱ्यांचे दोन कळप दोन बाजूंना अडकले. हे कळप पूर्वी एकमेकांत मिसळत होते का, एवढाच साधा प्रश्न होता. चिंकाऱ्याच्या जनुकांना विचारून उपयोग नव्हता. चिंकाऱ्याची पिढी काही वर्षांची. महामार्ग झाल्यापासूनच्या साठ-सत्तर वर्षांत त्याच्या जनुकांत फरक पडतो तो नावापुरता. मग पानवलकरबाईंनी चिंकाऱ्याच्या आतड्यात राहणाऱ्याला विचारायचं ठरवलं. केसासारखा बारीक, बोटाच्या पेरापेक्षाही आखूड असा हा जंत. त्यांनी त्याचं नाव ठेवलं केसजंत. तो चिंकाऱ्यात असतो, मेंढी-शेळीत असतो, आणि मेंढरांमागे जन्म काढणाऱ्या माणसातही कधी कधी सापडतो. बोरमाळावर त्याच्या वर्षाला पाच-सहा पिढ्या होतात. म्हणजे साडेतीनशे वर्षांत दोन हजार पिढ्या. माणसाला तेवढ्या पिढ्यांना पन्नास हजार वर्षं लागली असती.

"पण पिढ्या मोजता कशा?" असं कुणी विचारलं की बाई शाळेतल्या वह्यांचा दाखला देत. फळ्यावरचं उतरवून घेताना एका पोराने चूक केली, की शेजारचा त्याचं बघून तीच चूक करतो, वर स्वतःची एक घालतो. तिसरा त्या दोन्ही उचलतो. शेवटी वह्या गोळा केल्या की मास्तर बरोबर सांगतात, कुणी कुणाचं बघून लिहिलं. जनुकांची नक्कल होताना अशाच चुका होतात. एका माळावर अडकलेल्या जंतांत त्या माळाच्या चुका साठत जातात. या साठलेल्या चुकांना बाई 'वळण' म्हणत. बोरमाळाच्या जंताचं वळण वेगळं, पलीकडच्या खोऱ्यातल्या जंताचं वेगळं. जंत बघितला की तो कोणत्या माळाचा, हे सांगता येई. त्यात दुसरीकडचं वळण मिसळलेलं असलं, तर ते किती पिढ्यांपूर्वी मिसळलं, तेही सांगता येई.

बाईंनी निबंध लिहिला, चार लोकांनी वाचला. पाचवा मूळवास कायदा करणारा निघाला, आणि तिथून सगळा घोळ झाला.

कायदा असा होता. माळ, राई, डोंगर, जे जे राखीव झालं, त्यावर फक्त मूळचे रहिवासी राहतील. बाकीच्यांनी उठायचं. मूळचं कोण, हे जंतसाक्ष ठरवेल.

आश्विन महिन्यात बाई बायाक्का मेटकरीच्या तळावर पोचल्या तेव्हा सुनावणीला बारा दिवस उरले होते. बोरमाळावर धनगरांची पाच घरं होती, सगळी एका भावकीतली. त्यातली वयाने सगळ्यांत मोठी बायाक्का, सहासष्ट वर्षांची. मुलगा आणि सून चार वर्षांपूर्वीच्या तापात गेलेली. मागे राहिली होती नात बानू, अकरा वर्षांची. तालुक्याच्या निवासी शाळेत होती. ही सुनावणी निघाली म्हणून महिनाभरापूर्वीच आजीकडे आली होती.

बाईंनी तळावरच्या तिन्ही कळपांच्या लेंड्या गोळा केल्या, जंताची अंडी वर तरंगावीत म्हणून मिठाच्या पाण्यात घोळल्या आणि तिथेच बाजेवर सूक्ष्मदर्शक मांडून बघितल्या. एक काच. दुसरी. चाळीसावी. एकही अंडं नाही.

"काय सापडतंय का?" बायाक्काने विचारलं.

"काहीच नाही."

"सापडायचंच न्हाई." म्हातारीची मान ताठ झाली. "सरकारी डाक्टर सांगून गेला, वर्साला टोचायचं, मग वरीसभर जंत लागत न्हाई. वीस वर्सं झाली, एक मेंढरू चुकवलं न्हाई म्या. जिल्ह्यात पयला नंबर दिलाय आमास्नी. जंतमुक्त कळप. थांबा, पाटी दावते."

ती आत जाऊन खरंच पाटी घेऊन आली. पितळेची होती, घासूनपुसून लख्ख. बाई पाटीकडे बघत राहिल्या. सांगितलेलं इमानेइतबारे ऐकणारी माणसं फार कमी भेटतात, आणि भेटतात तेव्हा त्यांची अशी वाट लागते. पलीकडच्या खोऱ्यातल्या आळशी लोकांनी मेंढरांना कधी धड औषध दिलं नव्हतं. त्यांच्या लेंड्यांत जंतच जंत होते. ते सगळे मूळ रहिवासी ठरून मोकळे झाले होते.

"बायाक्का, जंत नसेल तर पुरावा नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे तुम्ही इथल्या आहात, हे सांगणारं कुणी उरलं नाही."

बायाक्का खाली बसली. पाटी मांडीवर. मग म्हणाली, "चांगलं केल्याचं आसं हाय व्हय. मग आदी सांगायचं हुतं की, मेंढरं आजारी ठिवा म्हून."

बाईंना चैन पडेना. आठ दिवस त्या माळभर चिंकाऱ्यांच्या लेंड्या वेचत हिंडल्या, कारण चिंकाऱ्याला कुणी टोचलेलं नव्हतं. आणि त्यांना हवं ते सापडलंही. बोरमाळावरच्या चिंकाऱ्यांच्या केसजंतात एक परकं वळण मिसळलेलं होतं, दक्षिणेकडच्या मेंढ्यांच्या जंताचं. मिसळायला सुरुवात होऊन साधारण दोन हजार पिढ्या झाल्या होत्या, आणि पुढेही ते मिसळतच राहिलं होतं. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी या माळावर मेंढरं आली होती, चिंकाऱ्यांबरोबर एकाच गवतावर चरली होती, आणि त्यानंतर इथून गेली नव्हती.

सुनावणी तालुक्याच्या सभागृहात झाली. मूळवास अधिकारी होते ढवळीकर नावाचे, तरतरीत, शांत, माणूस म्हणून वाईट नाही. अहवाल त्यांनी नीट वाचून काढला.

"कुणाची तरी मेंढरं साडेतीनशे वर्षं इथे होती, हे मान्य," ते म्हणाले. "ती यांचीच होती कशावरून? मेंढराला आडनाव नसतं, डॉक्टर."

पाची घरं सभागृहात मागच्या बाकांवर बसली होती. बानू आजीला चिकटून. सगळ्यांची नजर पानवलकरबाईंच्या पाठीवर. बाईंना ती नजर जाणवली आणि त्यांनी जन्मभर ज्याचा पश्चात्ताप करावा असं वाक्य त्या बोलून गेल्या.

"मेंढरांना टोचलंय, माणसांना नाही. यांच्याच पोटात बघा ना."

ढवळीकरांनी पेन खाली ठेवलं. "माणसात हा जंत होतो?"

"मेंढपाळांत होतो. मोठ्या माणसाला त्रासही नसतो फारसा. वर्षानुवर्षं राहतो."

"आणि माळाचं वळण दिसतं?"

"स्वच्छ दिसतं."

त्यांनी तिथल्या तिथे हुकूम लिहिला. माणशी एक तपासणी. ज्याच्या शरीरात बोरमाळाचा जंत, तो बोरमाळाचा.

बायाक्काच्या पोटात केसजंत निघाला, अस्सल बोरमाळाचा. दिराच्या घरी निघाला, चुलत जावेच्या घरी निघाला, सगळ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांत, गड्यांत, बायांत निघाला. तळावरच्या सतरा माणसांपैकी सोळा जणांत. सतरावी बानू. शाळेत दर सहा महिन्यांनी रांगेत उभं करून प्रत्येक मुलाला जंताची गोळी देत होते, आणि बानूने एकही चुकवली नव्हती. तिचं पोट निर्मळ होतं. हुकुमात तिच्या नावापुढे शब्द पडला, 'पाहुणी'. पाहुण्याने वर्षातून सातच दिवस राहायचं. आणि अकरा वर्षांच्या पाहुणीला आईबाप नसले, तर तिची रवानगी जिल्ह्याच्या बालगृहात, कायमची. फेरतपासणी तीन महिन्यांनी, एकदाच. तोवर मूल आहे तिथे राहू शकतं.

"आजीजवळ राहणारी मुलगी पाहुणी कशी?" बाईंनी ढवळीकरांना फोनवर विचारलं. त्यांचा आवाज चढला होता. "जंत माळाचं वय सांगतो. माणूस इथे किती दिवस आहे, ते तो सांगत नाही. माझ्या निबंधात पान नऊवर आहे हे."

"पान नऊ कायद्यात आलं नाही, डॉक्टर. तुमच्याच शब्दावर मी सोळा माणसं ठेवली. आता तोच शब्द खोटा म्हणू?"

बाईंनी फोन ठेवला. तो शब्द खोटा ठरला असता तर सोळांना उठावं लागलं असतं.

त्या हुकूम सांगायला तळावर गेल्या. सकाळची वेळ होती, माळ दवाने भिजलेला. बायाक्का कळप सोडायच्या तयारीत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिने एकच विचारलं.

"ह्यो जंत मानसाला लागतो कसा?"

शास्त्रज्ञाची खोड वाईट असते. कुणी प्रश्न विचारला की उत्तर तोंडातून निघालेलंच असतं. बाई सांगायला लागल्या. अंडी लेंडीतून मातीत पडतात, आठवड्याभरात त्यांतून अळ्या निघतात. पहाटे दव पडलं की त्या ओल्या पातीवरून शेंड्याकडे चढतात आणि कुणी खाईल म्हणून वाट बघत बसतात. ऊन चढलं की खाली उतरतात, नाहीतर वाळून मरतात. मेंढी खाते, चिंकारा खातो, त्यांच्या पोटात जातात. माणूस गवत खात नाही, त्यामुळे...

बोलता बोलता त्या थांबल्या. बायाक्का वाकली होती. तिने कुसळी गवताची एक पात शेंड्याकडून खुडली, दातांखाली धरली, चावली, थोडा वेळ तोंडात घोळवली आणि थुंकून टाकली. मग कळपाला हाळी दिली. हे मेटकरींचं रोजचं होतं. घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईने आधी माळाची चव बघायची. गवत कडू लागलं, आंबूस लागलं तर कळप त्या अंगाला सोडायचा नाही. थोरलीचं बघून बाकीचेही चघळत. पिढ्यान् पिढ्या.

"ह्यातनं व्हय," बायाक्का म्हणाली. हसली नाही.

"बायाक्का, लहान पोर आहे ती. मोठ्यांना काही होत नाही म्हणून तिलाही होणार नाही असं नाही. हगवण लागते. रक्त कमी होतं."

"म्या काय तिला इख घालाय लागलेय?" म्हातारी फणकारली. "आज ना उद्या शिकवायचंच हुतं. तिच्या आयला तिच्या सासूनं, म्हंजी म्या शिकवलं. मला माझ्या सासूनं. ही साळंत गेली म्हून ऱ्हायलं. मग आता शिकवते. तुमी नगं म्हनताय का?"

बाई नको म्हणाल्या नाहीत. होही म्हणाल्या नाहीत. गाडीत बसल्या आणि निघाल्या. परतताना आरशात त्यांना दिसलं, बायाक्का नातीला हाक मारत होती आणि बानू चप्पल न घालताच धावत येत होती.

पौषात फेरतपासणी झाली. बाईंनी स्वतः काच लावली, दुसऱ्या कुणाला लावू दिली नाही. अंडी होती. एका काचेवर सव्वीस. वळण बोरमाळाचं, साडेतीनशे वर्षांचं जुनं, आणि बानूच्या पोटात फार तर दहा आठवड्यांचं. यंत्राने फक्त पहिली गोष्ट छापली. बाईंनी खाली सही केली. ढवळीकरांनी 'पाहुणी' खोडून 'रहिवासी' लिहिलं, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही बरं वाटलं. हुकुमाच्या शेवटी एक ओळ होती: रहिवाशाची तपासणी यापुढे कधीही, न कळवता होऊ शकेल.

बानूचे डोळे पांढुरके पडले होते. तळावर ती आजीच्या घोंगडीवर पोटाशी पाय घेऊन पडली होती. बाईंनी पर्समधून गोळी काढली. शाळेत वाटतात तीच, साधी, पांढरी.

"ही दिली की आठ दिवसांत बरी होईल."

"आन जंत?"

"जाईल."

"आन तपासनी उद्याच आली तर?"

बाईंनी गोळी घोंगडीवर ठेवली. बायाक्काने ती उचलली नाही.

"बाई, तुमी शिकल्या-सवरलेल्या," बायाक्का हळूच म्हणाली, "तुमीच सांगा. पोर बरी करू का जवळ ठिवू?"

पानवलकरबाईंना रडू आलं. लोकांसमोर त्या कधी रडल्या नव्हत्या. लाज वाटली, पण आवरेना. तेव्हा घोंगडीवरून आवाज आला.

"आज्जे, मला नगं गोळी. दुखतंय थोडंच."

बायाक्काने पोरीच्या कपाळावर हात ठेवला. गोळी तशीच पडून राहिली.

बानू मेली नाही; तसं काही झालं नाही. महिन्याभरात तिचं पोट सावरलं. रंग थोडा उतरलेला राहिला, धावताना धाप लागायची, एवढंच. पुढच्या वर्षी ती तालुक्याच्या शाळेत परत गेली, या वेळी रोज घरून. रोजच्या रोज माळावर परत यायचं, हा आजीचा हट्ट होता.

त्याच वर्षी कायदा वाढला. माळाभोवतालची चाळीस गावंही राखीव पट्ट्यात आली आणि तिथल्या माणसांनाही माणशी एक तपासणी लागली. आता गावातल्या माणसांच्या पोटात कुठला आलाय माळाचा जंत? पिढ्यान् पिढ्या शेती केलेली, दुकान चालवलेली, धुऊन-पुसून भाजी खाणारी माणसं. ती सगळी पाहुणी निघायच्या वाटेला लागली.

आरोग्य खात्याकडून पानवलकरबाईंना बोलावणं आलं ते श्रावणात. तालुक्याच्या शाळेत काहीतरी विचित्र चाललंय, म्हणाले. गोळ्या वाटतो, मुलं समोर पाणी पितात, आणि तरी जंत वाढतच चाललेत. औषध लागू पडत नाही की काय, जंत बदललाय की काय, येऊन बघा.

बाई गेल्या. प्रार्थनेनंतर गोळ्या वाटल्या गेल्या, त्यांच्यासमोरच. मुलं शहाण्यासारखी रांगेत आली, तोंड उघडलं, गोळी, पाणी, पुढे. वावगं काही दिसेना. मग त्या हात धुवायला शाळेच्या मागच्या नळाशी गेल्या. नळाखालच्या चिखलात गोळ्याच गोळ्या पडल्या होत्या, काही नुसत्या ओल्या, काही अर्धवट विरघळलेल्या. जंत बदलला नव्हता. बाई तिथे उभ्याच राहिल्या, नळ सुरू तसाच.

त्यांनी मुलांना नमुन्यासाठी डब्या वाटल्या आणि पुढचे दोन दिवस व्हरांड्यात सूक्ष्मदर्शक मांडून बसल्या. मुलांना कळलं होतं ही बाई कोण ते. आदल्या दिवशी डबी दिलेली एक मुलगी सगळ्यात आधी येऊन टेबलाशी उभी राहिली. आठ-नऊ वर्षांची, तेल लावून चापून-चोपून वेणी घातलेली. तिच्या घरच्यांची तपासणी दोन महिन्यांवर आली होती.

"माझं बघितलं का?"

बाईंनी बघितलं होतं. तीन काचा बघितल्या होत्या.

"बघितलं. काही नाही गं तुला. पोट एकदम स्वच्छ आहे."

मुलीचा चेहरा पडला. तिने आधी ओठ दाबून धरले, मग तिला हुंदका आवरेना, आणि ती सगळ्या वर्गासमोर ढसाढसा रडायला लागली. बाईंनी हात पुढे केला, तर ती मागे सरकली. इतकी चांगली बातमी ऐकून इतकं रडणारं मूल बाईंनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

रांगेतून बानू पुढे आली. वाळकी, पिवळट, ताठ मानेची, आता बारा वर्षांची. तिने त्या मुलीचे डोळे आपल्या ओढणीने पुसले आणि थोरल्या बहिणीच्या मायेने म्हणाली, "रडू नगं. उद्या सकाळी ऊन पडायच्या आत ये माळावर. म्या शिकवते तुला."

मागे रांगेत उभ्या असलेल्या पोरांपैकी तिघाचौघांनी विचारलं, "आम्ही पण येऊ?"

बानूने पानवलकरबाईंकडे बघितलं. बाई काचेवर वाकल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"या की," बानू म्हणाली.